कंपनीने 'गाडी दोन टनांचा ट्रेलर ओढते' लिहिलं, म्हणजे झालं का?

डांबरी: एसयूव्हीवाल्या मित्राचं ठाम म्हणणं: इंजिन ओढतंय ना, मग कसली काळजी! माझं उलट आहे. ओढणं सोपं. ट्रेलरला सरळ ठेवणं आणि थांबवणं, तिथे कस लागतो. सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरलं की गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या हुकावरचा दाब कमी होतो आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. निम्म्याहून जास्त, साधारण 60 टक्के वजन ट्रेलरच्या आसाच्या, म्हणजे चाकांच्या, पुढे हवं.

गिअर_पाचवा: उगाच घाबरवताय. आजकाल बऱ्याच गाड्यांत डोलणं ओळखून एकेका चाकाला ब्रेक लावणारी यंत्रणा असते. वर हुकाला स्टॅबिलायझर, म्हणजे डोलणं दाबणारं उपकरण, बसवला की झालं. सामान काय मोजपट्टी घेऊन भरायचं?

डांबरी: यंत्रणा जागी होते ती डोलायला लागल्यावर! एकदा उतरवायला सोपी जाईल म्हणून जड पेटी मी मागच्या दाराशी ठेवली होती. उतारावर ट्रेलर कधी डाव्या आरशात, कधी उजव्या. पाय आपोआप ब्रेककडे निघाला होता, तो आवरला. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, तेव्हा हळूहळू शांत झाला. थांबून पेटी पुढे सरकवली. पुढचा सगळा प्रवास त्याच वेगात, अजिबात हललं नाही.

आरसा_मोठा: म्हणून सगळंच पुढे कोंबू नका हं! हुकावर फार भार आला की गाडीचं नाक वर, पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग तरंगल्यासारखं. आणि हुकावरचं वजन गाडीच्याच भारात धरतात. पाच माणसं, डिकी गच्च, त्यात हुकावर शंभर किलो... मित्राला हा हिशेब विचारा. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हुकावर ठेवायला सांगतात, युरोपात त्याहून कमी. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा शेवटची.

गिअर_पाचवा: आणि हे दाबाचं मोजायचं कशावर?

आरसा_मोठा: ट्रेलर सपाटीला, चाकं सरकू नयेत म्हणून अडसर लावून. ट्रेलरचा पुढचा, हुकाला जोडायचा दांडा हुकाच्या उंचीवर येईल असा ठोकळा घरच्या वजनकाट्यावर ठेवायचा, त्यावर दांडा टेकवायचा. ठोकळ्याचं वजन वजा. काट्याची क्षमता आधी बघा, नाहीतर काटाच जायचा.

गिअर_पाचवा: बघतो करून. स्टॅबिलायझर मात्र काढणार नाही.

डांबरी: काढा कोण म्हणतंय? पेटी पुढे घ्या.