रॅचेट पाना निवडताना : दात आणि दिशा बदलणारी कळ
ज्याचे दात जास्त तो रॅचेट पाना (आतल्या दातांमुळे एकाच दिशेने नट फिरवणारा, उलट दिशेने मोकळा फिरणारा पाना) चांगला, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. ७२ दातांचा पाना दांडा ५ अंश फिरवताच पुढचा दात पकडतो, ३६ दातांच्या पान्याला १० अंश लागतात. अडचणीच्या जागी हा फरक मोठा आहे, हे खरेच. परंतु दिशा बदलण्याची कळ नसलेल्या सपाट रॅचेट पान्याने बोल्ट सोडवताना, बोल्टचे बाहेर येणारे डोके समोरच्या भागाला टेकले, तर पाना मधेच अडकतो आणि तो काढून उलटा लावता येत नसल्याने बोल्ट पुन्हा आत घेण्याचीही सोय उरत नाही. म्हणून तेथे मी दिशा बदलण्याची कळ असलेलाच पाना निवडीन. गंजलेला नट मात्र आधी साध्या रिंग पान्यानेच सैल करावा, कारण तो झटका रॅचेटच्या नाजूक दातांवर येऊ देणे मला मुळीच पटत नाही.