मदत हवी आहे: सबवूफरची थरथर खालच्या घरात जाते आणि आमच्याकडे नुसता घुमघुमाट

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे या एका गोष्टीने चैन पडू देत नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो. जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.

आम्ही डोंबिवलीला राहतो. १९९४ सालची इमारत, तिसरा मजला. हॉल १६ बाय १० फुटांचा, उंची साडेनऊ फूट. लांब भिंतीला टीव्ही आणि दोन स्पीकर आहेत, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. दिवाळीत एक सबवूफर (फक्त खर्जाचा आवाज देणारा स्पीकर) घेतला. १० इंची, आतच ॲम्प्लिफायर असलेला, शंकूचं तोंड जमिनीकडे आणि पाठीमागे हवेचं भोक. वजन १४ किलो. टीव्हीच्या डाव्या कोपऱ्यात बसवलाय, कारण जागा तिथेच होती.

घेतला तो बाबांसाठी. बाबा ८१ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवला, आता हात थरथरतात म्हणून वाद्य खोळीत बांधून ठेवलंय. रोज संध्याकाळी पाच वाजता ते मंडळाची जुनी रेकॉर्डिंगं ऐकतात. लहान स्पीकरवर पखवाजाची डावी, कणीक लावायची बाजू (धूम) ऐकूच येत नव्हती, नुसता उजवीकडच्या शाईचा टणत्कार. सबवूफर आला आणि पहिल्या दिवशी बाबा खूश झाले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, कणीक कमी-जास्त लावली की धूम बदलते. इथे सगळे घाव एकाच पट्टीत वाजतायत. हा पखवाज नाही, पिंप आहे." आणि ते खरं आहे. एक ठरावीक सूर आला की हॉल भरून घुमतो, बाकीचे सूर कुठे गेले ते कळत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. खाली एक आजी एकट्या राहतात, वय ८३. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाळा, तू काय लावतोस ते ऐकू येत नाही रे, पण उशीतून गुरगुर येते." मी खाली जाऊन पाहिलं. वर मुलीने रेकॉर्डिंग लावलं होतं. आजींच्या मांडणीवरच्या पितळी डब्याचं झाकण प्रत्येक घावाला किणकिणत होतं, आणि पलंगाच्या पाटीवर हात ठेवला तर तळव्याला कंप लागत होता. मला फार वाईट वाटलं. त्या दिवसापासून सबवूफर बंद आहे.

आतापर्यंत केलेले उपाय: खाली जाजम दुमडून घातलं, फरक शून्य. दुकानदाराने सुचवलं म्हणून पितळी टोकदार पाय लावले, त्याने थरथर वाढली असंच वाटलं. आवाज कमी केला तर धूम गायबच होते.

आजींना त्रास होऊ नये ही पहिली अट. ती पाळून बाबांना धूम नीट ऐकवता येईल का? खर्च दोन-अडीच हजारांपर्यंत करू शकतो.

प्रतिसाद १

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून बघा. आमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिस रूममध्ये होते, आवाज छान दबायचा.

प्रतिसाद २

ट्रे नका लावू, उगाच भिंत खराब होईल. ट्रे किंवा पातळ फोमने वरच्या पट्टीतला आवाज थोडा मऊ होतो, खर्जाला ते दिसतही नाहीत. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपांच्या) एका लहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर असते. दीड इंचाचा पुठ्ठा तिला काय अडवणार?

मी बावीस वर्षं साउंडचं काम करतो, मंडपात आणि हॉलमध्ये. तुमच्याकडे दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही एकाच औषधाने दोन्ही बरे करायला बघताय. पेटीतून जमिनीत उतरणारी थरथर हा पहिला. खोलीत एकच सूर घुमणं हा दुसरा. पहिल्याला खाली गादी लागते, दुसऱ्याला जागा बदलावी लागते.

टोकदार पाय काढा. त्यांनी पेटी जमिनीला घट्ट जखडली जाते, म्हणजे कंप आणखी सहज खाली उतरतो. तुम्हाला उलटं हवंय.

आधी खोली तपासा. मोबाइलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या. आवाज अगदी बेताचा ठेवा, कारण सलग एकच सूर मोठ्याने दिला तर स्पीकरमधली तारेची कॉइल तापून जळू शकते. ३५ पासून १०० हर्ट्झपर्यंत दोन-दोनने वर जा. सोफ्यावर नेहमीच्या जागी बसून कुठे फुगतं, कुठे बसतं ते कागदावर लिहा. आणि घरात काय काय वाजतं तेही बघा. निम्म्या वेळा लोक ज्याला सबवूफरचा दोष म्हणतात ती शोकेसची काच असते.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. आज दुपारी मुलीला घेऊन तपासलं. आजींना आधी सांगून आलो की दहा मिनिटं आवाज होईल.

४० च्या खाली फारसं काही नाही. ५० पर्यंत ठीक. ५५ ला फुगायला लागलं आणि ५७-५८ ला कानात दडे बसल्यासारखं झालं. ६४ ला एकदम ओसरलं, ७० ला पुन्हा थोडं वाढलं. सोफ्यावरून उठून हॉलच्या मधोमध उभा राहिलो तर तोच ५६ चा सूर जवळजवळ नाहीसा झाला! मुलीला वाटलं मी बंद केला.

वाजणाऱ्या वस्तूही सापडल्या. सरकत्या खिडकीचं ॲल्युमिनियमचं पान ६२ ला खडखडतं. टीव्हीमागची केबलची पट्टी भिंतीवर आपटते. देवघराची काच ४८ ला. खिडकीच्या खोबणीत फेल्टची पट्टी बसवली, काचेच्या कडेला दाराला लावतात त्या रबरी टिकल्या लावल्या. साठ रुपयांत आमच्या घरातला निम्मा खडखडाट गेला.

प्रतिसाद ३

तुमच्या आकड्यांवरून हिशोब जुळतो. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने त्याला भागलं की त्या दिशेचा घुमणारा सूर मिळतो. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर ५६ हर्ट्झ. साडेनऊ फूट उंचीचा सूर ५९. दोन्ही शेजारी-शेजारी आले म्हणून ५७ ला डोंगर झालाय. १६ फुटांचा सूर ३५, तो तुमच्या सबवूफरला झेपत नाही, पण त्याची दुप्पट ७०, तीही तुम्हाला दिसली.

असा सूर भिंतीशी सर्वांत जोरात आणि मधोमध सर्वांत क्षीण असतो. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला, सबवूफर कोपऱ्यात. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून खोलीतले सगळे सूर एकदम चेतवतात.

सोफा दीड फूट पुढे आणता आला तर आणा. जागा शोधायची जुनी रीत अशी: सबवूफर उचलून सोफ्यावर, बाबांच्या बसण्याच्या जागी ठेवायचा, ओळखीचं रेकॉर्डिंग लावायचं आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे कान जमिनीजवळ नेल्यावर धुमेचे घाव वेगवेगळे ऐकू येतील ती सबवूफरची जागा.

प्रतिसाद ४

मी आजींच्या बाजूने लिहिते. आमच्या वरच्या घरात असाच सबवूफर होता, दोन वर्षं सोसलं. पहिलं म्हणजे तुम्ही खाली जाऊन पाटीला हात लावून पाहिलंत, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे कोणी आलंच नाही.

एक मुद्दा माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती ज्या 'ए' मोजमापात आहे त्यात खर्जाला फार कमी भाव मिळतो. ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा होतात. म्हणजे ७५ डेसिबलचा घुमारा मीटरवर ४५ दिसतो. मी तक्रार केली तेव्हा मीटरचा आकडा माझ्या तोंडावर फेकला गेला होता. मोबाइलमधल्या मीटरवर तर मुळीच जाऊ नका, त्याचा माइक खर्ज नीट पकडत नाही. आजींचं झाकण हाच तुमचा मीटर.

आणि वेळ ठरवून द्या. ठरलेल्या वेळेचा आवाज सोसवतो. केव्हा सुरू होईल याची धास्ती असली की बंद असतानाही झोप लागत नाही.

प्रतिसाद ५

थरथरीबद्दल. जाजमाने फरक का पडला नाही ते सांगतो. खालची वस्तू स्प्रिंगसारखी दबली पाहिजे. ढोबळ हिशोब असा की वजन ठेवल्यावर अडीच मिलिमीटर दबली तर त्या जोडणीची स्वतःची लय १० हर्ट्झच्या आसपास येते, आणि ४०-५० हर्ट्झचा कंप बऱ्यापैकी अडतो. जाजम दाबून चपटं झालं, संपलं. कडक रबर दबतच नाही, तेही कुचकामी. वॉशिंग मशिनखालचे रबरी पाय ६०-७० किलोंसाठी केलेले असतात, १४ किलोंच्या पेटीखाली ते दगडासारखे वागतात.

मी केलेला जुगाड: मार्बलवाल्याकडून कडप्प्याचा १६ इंची चौकोन, पाऊण इंच जाड, कडा घासून घेतला. तो आठ-नऊ किलो भरतो. त्याखाली लहान मुलांच्या सायकलची ट्यूब, हवा निम्म्याहून कमी. अंगठ्याने दाबली तर सहज आत गेली पाहिजे. ट्यूब, वर कडप्पा, वर सबवूफर. बोटाने ढकललं तर सगळं डुलायला हवं. तुमच्या पेटीचं तोंड खाली आहे म्हणून तर कडप्पा हवाच, शंकूला समोर सपाट पृष्ठभाग मिळतो.

पण हवेतून स्लॅबला बसणारा धक्का याने थांबत नाही. तो कमी करायचा तर मुळात ५७ चा डोंगर कापायला हवा. आजींच्या घरात बहुतेक तोच एक सूर उतरतोय. फोनच्या प्लेअरमध्ये पॅरामेट्रिक इक्वलायझर (हवा तो एकच सूर कमी-जास्त करायची सोय) असेल तर ५७ हर्ट्झ, उणे ८ डेसिबल, पट्टा अरुंद. नेमका तेवढाच कापायचा. वरचं-खालचं तसंच ठेवायचं.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. त्यात भर: सबवूफर सोफ्याच्या शेजारीच आणा, बाबांपासून दोन फुटांवर. जवळ असला की कमी आवाजात तेवढाच ऐकू येतो, मग खोलीत आणि खाली जाणारा एकूण जोर उतरतो. फ्लॅटमध्ये मी नेहमी हेच करतो. क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचं सबवूफर वाजवतो ती हद्द) ८० वर ठेवा, त्याहून वर नेला तर आवाज बाजूने येतोय हे कळतं. मग ८० चा सूर लावून फेजचा खटका (सबवूफरचा कंप बाकीच्या स्पीकरांशी जुळवणारा) ० आणि १८० दोन्हीकडे फिरवा, जिकडे जास्त भरीव वाटेल तिकडे राहू द्या. पाठीमागच्या भोकात फोमचा बोळा घालूनही बघा, घाव आखूड होतो.

धागाकर्ता

मंडळी, आज रविवारी सगळं केलं.

कडप्पा साडेतीनशेला मिळाला, माणसाने कडा पाण्यावर घासून गुळगुळीत करून दिल्या. ट्यूब शंभरची. पहिल्यांदा हवा जास्त झाली, पेटी एका बाजूला कलली. तीनदा सोडत सोडत जमवली. आता वर तळहात ठेवून हलकं ढकललं की पेटी पाळण्यासारखी डुलते आणि दोन-तीन हेलकाव्यांत थांबते. ट्यूबपाशी फरशीवर हात ठेवला तर कंप जेमतेम लागतो, आधी पायाच्या तळव्यालाही लागायचा.

सोफा सव्वा फूट पुढे आला, त्याहून पुढे आणला तर दार पूर्ण उघडत नाही. सबवूफर बाबांच्या उजव्या हाताशी. आवाजाचं गोल बटण आधी घड्याळात बारा वाजल्यासारखं असायचं, ते साडेनऊवर आलं. फेज १८० वर. बोळा घालून पाहिला, बाबांना नको वाटला, म्हणाले धूम कोरडी झाली. काढून टाकला. ५७ ला आठ कापले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की खर्जच गेला. मग दहा मिनिटं ऐकल्यावर कान स्थिरावले आणि धुमेचे घाव वेगवेगळे ऐकू आले. आधी ते ५७ च्या ढगात बुडत होते.

बाबांनी काही बोलून दाखवलं नाही. मांडीवर डाव्या हाताने ठेका धरला आणि रेकॉर्डिंग संपल्यावर म्हणाले, "त्या दिवशी कणीक जरा जास्तच ओली होती. पुन्हा लाव."

मुलगी वर थांबली, मी खाली आजींकडे गेलो. झाकण वाजत नव्हतं. पाटीला हात लावला तर एका अभंगाच्या शेवटी, द्रुत लयीत, अगदी पुसटसं काहीतरी जाणवलं. आजी म्हणाल्या उशीत काही नाही. वेळ पाच ते पावणेसहा ठरवली, गुरुवारी बंद, कारण त्या दिवशी त्यांची मुलगी येते आणि त्या दुपारी उशिरा पडतात.

जे पुसटसं उरलंय ते ६४-६५ च्या आसपास असावं असं वाटतं. तिथे आणखी एक कापू का, की धूम पातळ होईल? आणि ट्यूब कडप्प्याखाली सतत दाबून राहिली तर किती दिवस टिकेल?

प्रतिसाद ५

६४ ला कापू नका, तुमच्याच कागदावर तिथे खड्डा आहे. ७० ला तीन कापून बघा आणि पुन्हा पाटीला हात लावा. ट्यूबवर टाल्कम पावडर चोळून मग कडप्पा ठेवा, म्हणजे चिकटणार नाही. माझी तीन वर्षं टिकली. हवा मात्र हळूहळू उतरते, महिन्यातून एकदा पेटी डुलते का ते ढकलून बघा.