करिअर सेल म्हणजे फक्त कंपन्या बोलावणारं ऑफिस नव्हे
कॉलेजातल्या करिअर सेलचं, म्हणजे विद्यार्थ्यांना नोकरीसाठी मदत करणाऱ्या विभागाचं, काम कंपन्यांना कॅम्पसवर बोलावण्यापुरतंच, असं काही जणांना वाटतं. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. शेवटच्या वर्षी मी बायोडेटा तपासून घ्यायला गेलो. तिथल्या मॅडमनी 'प्रोजेक्टमध्ये सहभाग घेतला' या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली. "सहभाग म्हणजे नक्की काय केलंत?" मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. त्या एका ओळीच्या 3 नेमक्या ओळी झाल्या. मॉक इंटरव्ह्यूत कळलं की मी प्रत्येक उत्तराची सुरुवात 'ॲक्च्युअली'ने करतो. (अजूनही करतो, पण आता निदान लक्षात तरी येतं!)

पास झाल्यावर या सेलचा काय उपयोग, असंही काही जण विचारतात. बऱ्याच कॉलेजांत माजी विद्यार्थ्यांनाही नोकरी बदलताना सल्ला मिळतो, त्या क्षेत्रातल्या जुन्या बॅचच्या लोकांशी गाठ घालून देतात. फक्त गाठ पडली रे पडली की "तुमच्याकडे जागा आहे का?" असं करू नका. 20 मिनिटं त्यांच्या कामाबद्दल विचारा. जाहिरात न आलेल्या जागा बऱ्याचदा अशा गप्पांतूनच कळतात. आणि नोकरी लागली की सेलला कळवा. बरेच जण तिथेच गायब होतात, मग पुढच्या बॅचची गाठ कुणाशी घालून द्यायची?