बाबांना आलेला रिफंडचा पहिला मेल खोटा निघाला, आता दुसरा खरा आहे हे कसं ठरवायचं?

तासगावची लेक

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

माझे बाबा ७४ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. तासगावला आई आणि ते दोघंच असतात, मी चिंचवडला. आपलं रिटर्न ते अजूनही स्वतः भरतात. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात बँकेत १५एच फॉर्म (व्याजातून कर कापू नका असं सांगणारा) द्यायचा राहून गेला आणि ठेवींच्या व्याजातून ९,२१० रुपये टीडीएस, म्हणजे कर, आधीच कापला गेला. तो परत मिळावा म्हणून त्यांनी जुलैत रिटर्न भरलं. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की ते मेल उघडून बघतात.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी मेल आला. वर राजमुद्रा, खाली आयकर विभागाचं नाव, मायन्यात बाबांचं पूर्ण नाव. ४१,२५० रुपयांचा परतावा मंजूर झालाय, पण खात्याचा तपशील जुळत नाही, २४ तासांत अद्ययावत करा नाहीतर परतावा रद्द होईल. बाबांना वाटलं, व्याज धरून रक्कम वाढली असेल. त्यांनी लिंक दाबली. पानावर बँक निवडायची होती, मग कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. त्यांनी सगळं भरलं.

मग ओटीपी आला. बाबा कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सही करत नाहीत, तीच सवय इथे कामी आली. चष्मा लावून त्यांनी अख्खा मेसेज वाचला. त्यात रिफंडचं नावच नव्हतं. ४९,००० रुपयांच्या खरेदीसाठी तो ओटीपी होता. त्यांनी फोन उपडा ठेवला आणि मला दुसऱ्या फोनवरून कॉल केला. रात्री पावणेदहाला आम्ही कार्ड बंद करून घेतलं. पैसे गेले नाहीत.

पण त्या दिवसापासून बाबा गप्प आहेत. "चाळीस वर्षं पोरांना वाचायला शिकवलं आणि मलाच वाचता आलं नाही," एवढंच एकदा म्हणाले. आईला सांगू नको म्हणाले.

आता खरी अडचण. दहा दिवसांनी पुन्हा आयकर विभागाच्या नावाने मेल आला, सोबत कुलूप लावलेली पीडीएफ. या सोमवारी आणखी एक: 'बँक खातं वैध नसल्याने रिफंड जमा होऊ शकला नाही.' म्हणजे जवळपास तीच भाषा, जी चोराने वापरली होती! पत्त्याच्या शेवटी सीपीसी डॉट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन असं दिसतंय. बाबा म्हणतात, हाही तोच माणूस, दोन्ही काढून टाक. मला ठरवता येत नाहीये. काढून टाकला आणि ती खरी नोटीस निघाली तर? आणि कार्ड बंद केलं एवढं पुरेसं आहे का?

कर सल्लागार, इचलकरंजी

ताई, काढू नका. मला तरी दोन्ही खरे वाटतात. पण माझ्या वाटण्यावरही जाऊ नका, कारण मेलकडे बघून ठरवणं हाच चुकीचा रस्ता आहे. तो मेल तसाच राहू द्या. त्यातलं काही दाबू नका. ब्राउझरमध्ये स्वतः इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन टाइप करा, गुगलवर शोधू नका, आणि वडिलांच्या लॉगिनने आत जा. 'ई-फाइल'मध्ये भरलेल्या रिटर्नची यादी दिसेल. रिटर्न प्रोसेस झालं का, रिफंड निघाला का, अडकला का, हे सगळं तिथे तारखेसकट असतं. मेल खरा असेल तर तीच गोष्ट आत सापडायलाच हवी.

ती पीडीएफ बहुधा कलम १४३(१) खालची, म्हणजे रिटर्न प्रोसेस झाल्याची सूचना असेल, बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे सगळी रिटर्न प्रोसेस करणाऱ्या विभागाच्या केंद्राकडून येणारी. तिचा पासवर्ड म्हणजे लहान अक्षरांत पॅन आणि त्याला जोडून जन्मतारखेचे आठ आकडे. पण एक ध्यानात ठेवा: पॅन आणि जन्मतारीख आजकाल चोरांकडेही असते, त्यामुळे फाइल या पासवर्डने उघडली म्हणून ती खरी ठरत नाही. तीच सूचना पोर्टलवरून उतरवता येते. माझ्याकडच्या पक्षकारांना मी तीच उघडायला सांगतो, मेलमधली नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. पोर्टलच्या पहिल्याच पानावर नोटीस खरी आहे का ते तपासायची सोय आहे, लॉगिनही लागत नाही. कुणी घाबरवणारी नोटीस पाठवली की आधी तिथे जायचं.

आता त्या ४१,२५० बद्दल. उशिरा मिळालेल्या रिफंडवर कलम २४४ए प्रमाणे महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. ९,२१० रुपयांवर ते महिन्याला ४६ रुपये होतं. ४१ हजारांपर्यंत जायला कित्येक वर्षं लागतील. वडिलांना हे गणित जरूर दाखवा. मुख्याध्यापक आहेत, त्यांना ते पटेल, आणि पुढच्या वेळी आकडा बघताच शंका येईल.

रिफंड कार्डावर कधीच येत नाही. मार्च २०१९ पासून तो फक्त पॅनशी जोडलेल्या आणि पोर्टलवर आधी व्हॅलिडेट केलेल्या, म्हणजे पडताळलेल्या, बँक खात्यात जातो. कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, नेटबँकिंगचा पासवर्ड यांचा रिफंडशी काडीचाही संबंध नाही. तो खोटा मेल मात्र ठेवा आणि वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या पत्त्यावर फॉरवर्ड करा. विभागाने अशा मेलसाठीच तो पत्ता दिलेला आहे.

नाशिकरोडकर

ताई, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचला. आमच्या घरी तो वाचला गेला नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने पॅन २.० या पॅनच्या नव्या योजनेला मंजुरी दिली. त्यानंतर ई-पॅन डाउनलोड करा अशा खोट्या मेलची लाट आली. पीआयबी या सरकारच्या माहिती कार्यालयाने ते खोटं असल्याचं जाहीरही केलं होतं, पण आमच्यापर्यंत ते पोहोचलं नाही. माझ्या मिस्टरांनी एका शनिवारी रात्री फॉर्म भरला, ओटीपी दिला आणि २१,००० गेले. आम्ही म्हटलं, उद्या रविवार, सोमवारी बँक उघडली की जाऊ. रविवारी रात्री आणखी १७,००० गेले. ती एक रात्र मला अजून झोपू देत नाही. पहिली रक्कम आमच्या हातून गेली, पण दुसरी वाचली असती.

कारण नंतर कळलं, रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्येच तसा नियम केला होता. आपण स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे कळवल्याचा मिनिट मोजला जातो. बँकेचा कार्ड बंद करायचा नंबर सुट्टीच्या दिवशीही चालतो, आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइनसुद्धा. १९३० वर लवकर सांगितलं तर पैसे ज्या खात्यात गेले तिथेच थांबवायचा प्रयत्न होतो, एकदा ते काढून घेतले गेले की मागे राहतो फक्त तक्रार क्रमांक.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: कार्ड बंद करणं बरोबर, पण त्या पानावर बाबांनी नेटबँकिंगचा पासवर्डही टाकला होता का ते नीट विचारा. लाजेने माणूस अर्धंच सांगतो, आमच्याकडे तसंच झालं. मेलचा पासवर्ड आधी बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड मेलवरूनच बदलता येतात. नवीन कार्ड आलं की परदेशी व्यवहार बंद आहेत ना ते बघा. परदेशातल्या कित्येक साइट ओटीपी मागतच नाहीत. आणि पैसे गेले नसले तरी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा.

आईंनाही सांगा हो. पुढचा मेल त्यांनाही येऊ शकतो.

निवृत्त पोस्टमास्तर, सावंतवाडी

माझी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेतल्या टपाल सेवेत, सुरू झाली. रात्रीच्या गाडीत पत्रांचे गठ्ठे लावायचे. पत्र हातात आलं की वरचं नाव आम्ही बघतच नसू. नजर थेट खाली. आधी पिन, मग जिल्हा, मग तालुका, मग पोस्ट. नाव सगळ्यात शेवटी, आणि ते बघायचं काम बीटवरच्या पोस्टमनचं.

इंटरनेटचा पत्ताही असाच शेवटाकडून वाचायचा असतो, हे मला नातीने सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पहिली एकटी तिरकी रेघ शोधा. ती नसेल तर पत्त्याच्या टोकाला जा. तिथे उभं राहून डावीकडे वाचत चला. 'इन' म्हणजे भारत. 'जीओव्ही' म्हणजे सरकार. 'इन्कमटॅक्स' म्हणजे खातं. 'सीपीसी' म्हणजे त्या खात्याचं एक कार्यालय. जिल्हा, तालुका, पोस्ट, मुक्काम, ओळीने. आणि जीओव्ही डॉट इन हे नाव खाजगी माणसाला विकत घेता येत नाही.

आता चोर काय करतो? तो पुढे 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' असंच लिहितो, पण तिथे थांबत नाही. त्याच्यापुढे आणखी एक डॉट देऊन काहीतरी निरर्थक अक्षरं आणि शेवटी 'डॉट टॉप' किंवा 'डॉट कॉम' जोडतो. पाकिटावर ठळक अक्षरांत 'मंत्रालय, मुंबई' लिहायचं आणि खाली जिल्हा भलताच टाकायचा, तसं. पत्र कुठे जाईल? खाली लिहिलेल्या जिल्ह्यात. ताई, त्या पहिल्या मेलमधल्या लिंकवर बोट न दाबता संगणकावर नुसता माउस नेऊन ठेवा, खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता दिसेल. माझी खात्री आहे, त्याचा जिल्हा वेगळा असणार.

आणि पाठवणाऱ्याचं नाव. पाकिटाच्या कोपऱ्यात 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहू शकतो, पण शिक्का आमचा असतो. जीमेलमध्ये नावाखालच्या बारीक बाणाला दाबलं की 'साइन्ड-बाय' अशी ओळ येते, तो शिक्का समजा. शिक्का आहे एवढ्याने भागत नाही, तो कुठल्या पोस्टाचा आहे ते वाचायचं. चोराच्या पत्त्यालाही शिक्का मिळतो, पण त्याच्याच गावचा.

आमच्या खात्याच्या नावानेही असे निरोप फिरतात: तुमचं पार्सल आलंय, पत्ता अपुरा आहे, लिंकवर भरा. मला त्याचा मनापासून संताप येतो. पत्ता अपुरा असला तर पोस्टमन गल्लीत विचारत फिरतो. तो तुमच्या कार्डाचा नंबर कशाला मागेल?

तासगावची लेक

रविवारी तासगावला जाऊन आले. तुम्हा तिघांचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवलं. पोस्टमास्तर काकांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

मग त्यांनी स्वतः पत्ता टाइप केला, मी शेजारी बसले. रिटर्न प्रोसेस झालेलं आहे. रिफंड ९,२१० आणि वर थोडं व्याज. आणि तो खरंच परत गेलाय! त्यांच्या बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली, शाखेचा आयएफएससी कोड बदलला आणि पोर्टलवर जुनाच राहिला. म्हणजे चोराने अंदाजाने जे लिहिलं होतं, ते योगायोगाने खरं होतं. 'माय बँक अकाउंट'मध्ये कोड बदलून खातं पुन्हा व्हॅलिडेट केलं, मग 'सर्व्हिसेस'मधून रिफंड रीइश्यूची, म्हणजे पुन्हा पाठवण्याची, विनंती टाकली, आधारच्या ओटीपीने. या वेळीही ओटीपीचा मेसेज बाबांनी मोठ्याने, शेवटच्या शब्दापर्यंत वाचला.

सूचना पोर्टलवरून उतरवली. मेलमधल्या फाइलशी ताडून बघितली, डीआयएन आणि आकडे तेच आहेत.

पोर्टलवर लॉगिन करताना एक गोष्ट दिसली, ती इथे लिहून ठेवते. पॅन टाकल्यावर पासवर्डच्या पानावर आपण आधी ठरवलेला एक छोटा संदेश दिसतो, आपण योग्य जागी आहोत ना हे बघण्यासाठी. बाबांनी तो कधी भरलाच नव्हता. आता भरलाय. काय लिहिलंय ते सांगत नाही, पण ते वाचून आई हसली. हो, आईला सांगितलं. नाशिकरोडच्या ताई, तुमचं बरोबर होतं. नेटबँकिंगचा पासवर्डही त्यांनी टाकला होता आणि मला सांगितलं नव्हतं. तो आणि मेलचा, दोन्ही बदलले. तक्रारही नोंदवली.

खोट्या लिंकचा शेवट 'टॉप' होता, काका.

आता बाबांचं म्हणणं, ज्येष्ठ नागरिक संघात बुधवारी सगळे जमतात, तिथे हे फळ्यावर लिहून शिकवायचं. पोस्टमास्तरांची परवानगी विचार म्हणालेत.

निवृत्त पोस्टमास्तर, सावंतवाडी

परवानगी कसली, आनंदाने शिकवा म्हणावं गुरुजींना. फळ्यावर दोन पत्ते एकाखाली एक लिहायला सांगा. एकात 'जीओव्ही' आणि 'इन' यांच्यामध्ये टिंब, दुसऱ्यात आडवी रेघ आणि शेवटी 'डॉट कॉम'. आमच्या वयाच्या माणसांना टिंब आणि आडवी रेघ मोबाईलवर सारखीच दिसते. ती मोठी करून बघायला शिकवा, दोन बोटांनी.