मदत हवी: जोडताऱ्याच्या ग्रहणवेळा सरकताहेत, ग्रह आहे हे कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

सिंहगड रोडला राहतो, गच्चीवर 8 इंची दुर्बीण आणि सीमॉस कॅमेरा आहे. पिधानकारी जोडताऱ्यांच्या (एकमेकांभोवती फिरताना एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या) ग्रहणवेळा मोजायचा नाद लागलाय. सध्या कन्या राशीतल्या एचडब्ल्यू व्हर्जिनिस या जोडताऱ्याच्या मागे आहे. दर 2 तास 48 मिनिटांनी ग्रहण, त्यामुळे एका रात्रीत दोन तरी पदरात पडतात. पुण्याच्या आकाशातूनही तारा नीट मिळतो, फक्त पावसाळ्याआधी उरकायला हवं.

तत्त्व कळतं. जोडीभोवती ग्रह असेल तर जोडीही थोडी मागेपुढे होते आणि ग्रहणाची बातमी आपल्याला लवकर किंवा उशिरा पोचते. खगोलशास्त्रज्ञ रोमरने 1676 मध्ये गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांवरून प्रकाशाचा हाच उशीर पकडला होता. पण आकडे काढले की धीर खचतो. गुरू सूर्याला हलवतो जेमतेम साडेसात लाख किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचे अडीच सेकंद, आणि एक फेरी 12 वर्षांची!

अडचण अशी: जुन्या छापील वेळांना माझ्या वेळा जोडल्या की ओ-सी आलेखात (मोजलेली वेळ वजा गणिताने काढलेली वेळ) मिनिटभराची पायरी दिसते. एवढा मोठा ग्रह तर नसणार. मग काय? आणि पायरी गेल्यावर आलेखात बाक उरलाच, तर तो ग्रहाचा हे कशावरून?

प्रतिसाद 1
पायरी बहुतेक कालमापनाची आहे. जुन्या याद्या बऱ्याचदा सूर्यकेंद्री ज्युलियन दिनांकात (सूर्यापाशी धरलेली, सलग दिवस मोजणारी तारीख) आणि यूटीसीत (घड्याळाची जागतिक वेळ) असतात, हल्लीची सॉफ्टवेअर्स बॅरिसेंट्रिक टीडीबी (सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्रापाशी धरलेली, लीप सेकंद नसलेली एकसारखी वेळ) देतात. 2017 पासून यूटीसी आणि टीडीबीत सुमारे 69 सेकंदांचा फरक आहे, 2009 मध्ये 66 होता. म्हणजे सरसकट एकच आकडा मिळवून भागणार नाही, मधल्या लीप सेकंदांचे (यूटीसीत अधूनमधून वाढवलेल्या एकेक सेकंदाचे) दातरे राहतील. शिवाय सूर्याऐवजी सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र धरल्याने 4 सेकंदांपर्यंत फरक पडतो, म्हणजे तुमच्या गुरूपेक्षा जास्त! सगळ्या वेळा एकाच मापात आणा. आणि फाइलवरची वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची की मध्याची, तेही बघा. 20 सेकंदांच्या एक्स्पोजरला तिथेच 10 सेकंद जातात.

प्रतिसाद 2
बाकावर लगेच भाळू नका राव. याच ताऱ्याभोवती 2009 मध्ये दोन सोबती जाहीर झाले. त्या कक्षा गणितात टिकल्या नाहीत. 2012 मध्ये नवी मांडणी आली, तर पुढच्या ग्रहणांनी तीही मोडली. एनएन सर्पेंटिस या दुसऱ्या जोडताऱ्याच्या ग्रहांवरही असाच वाद आहे. जोडीतल्या लाल बटूचं (लहान, थंड ताऱ्याचं) चुंबकीय चक्र त्याचा आकार किंचित बदलतं आणि त्याने कक्षाकाळ कमी-जास्त होऊ शकतो, असं खगोलशास्त्रज्ञ ॲपलगेटने 1992 मध्येच मांडलंय. काही जोड्यांत त्याला लागणारी ऊर्जा पुरत नाही, पण म्हणून ग्रह सिद्ध होत नाही.

एक चाचणी मात्र करा: दुय्यम ग्रहणंही (मंद तारा तेजस्वी ताऱ्यामागे जातो तेव्हाची) मोजा. ग्रहामुळे दोन्ही ग्रहणं एकाच दिशेला सारखीच सरकतात, लंबवर्तुळाकार कक्षा फिरत असेल तर ती उलट दिशांना जातात. चुंबकीय कारण यातून सुटत नाही, त्याला वर्षानुवर्षांच्या वेळाच हव्यात. केप्लर-16 या जोडताऱ्याच्या ग्रहावर 2011 मध्ये लोकांचा विश्वास बसला, कारण तिथे ग्रह ताऱ्यांसमोरून जाताना प्रकाश कमी झालेला प्रत्यक्ष दिसला.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. आजच सगळ्या वेळा टीडीबीत करायला घेतो. या ताऱ्याचं दुय्यम ग्रहण फार उथळ आहे, 8 इंचीतून त्याचा मध्य काही सेकंदांत काढता येईल का? एकेक न मोजता अनेक रात्रींची ग्रहणं घडी घालून (कक्षाकाळानुसार एकावर एक ठेवून) एकत्र केली तर चालेल?