स्लज मेटल : गाळ, रेंदा की आणखी काही?

उपटसुंभ : आयसिस या बॉस्टनच्या बँडच्या 'ओशनिक' (2002) या अल्बमवर लिहितोय आणि पहिल्याच ओळीत अडकलोय. त्याला 'अ‍ॅटमॉस्फेरिक, एक्सपरिमेंटल स्लज मेटल' म्हणतात. मी केलं 'वातावरणीय प्रायोगिक गाळधातू'. मोठ्याने वाचलं तर पाटबंधारे खात्याचं टेंडर वाटलं. सुचवा काहीतरी.

मंद्रसप्तक : 'वातावरणीय' हवामान खात्याला परत करा. नाटकाच्या परीक्षणात आपण 'वातावरणनिर्मिती' म्हणतो, तेच हवंय इथे. 'प्रायोगिक' चालेल, फक्त वाचकाला आधी छबिलदासची प्रायोगिक नाटकं आठवतील. 'धातू' नकोच, संस्कृत घेतलेल्यांना गम्-गच्छ दिसू लागेल. मेटल हे जड, कर्कश रॉकचं नाव, ते मेटलच राहू द्या.

उरला स्लज. गाळ म्हणजे गाळून उरलेलं, तळाशी बसलेलं. तो बसला की बसला. हे संगीत चालतं, पण जड पायांनी. 1980 च्या दशकात मेल्विन्स या बँडने पंक रॉकच्या धावत्या लयीला ब्लॅक सॅबथ या जुन्या मेटल बँडच्या संथपणात ओढलं, पुढे न्यू ऑर्लिन्सच्या आयहेटगॉड, क्रोबार या बँडनी त्यात आणखी मळ कालवला. गिटारच्या तारा सैल करून पार खर्जात उतरवलेल्या. म्हणून मला 'रेंदा' जवळचा वाटतो. त्याला ओल आहे, ओघळ आहे.

खाजणवाली : रेंदा ऐकला की मला तुंबलेलं गटार दिसतं, दादा. आणि 'ओशनिक' तर समुद्राचा अल्बम. त्यातला माणूस प्रेमातला विश्वासघात कळल्यावर स्वतःला पाण्यात बुडवून घेतो. गटार कुठून आणलंत?

ओहोटीला खाजणात उतरून बघा. पाय हळूहळू आत जातो, घोट्याशी गार लागतं, आणि उपसायला जावं तर 'पचक्' करून पाय वर, चप्पल खाली. यासाठी आमच्याकडे नाम शोधत बसत नाहीत. 'रुतलो' म्हणतात, झालं. तुमचा शब्द क्रियापदात आहे.

मंद्रसप्तक : गटाराबद्दल माफी. रुतणं मान्य. एकच पुरवणी : या अल्बममध्ये रुतणं जितकं आहे तितकंच तरंगणंही आहे. किंचाळी आणि भिंतीसारखी गिटार ओसरली की मागे नुसती लाट हलत राहते. ओकलंडच्या न्यूरोसिस या बँडने पाडलेली वाट ही, आयसिसने तिच्यात मोकळी हवा आणली.

उपटसुंभ : वा! आता दुसरी अडचण. दहा मिनिटांहून लांब एक गाणं आहे, 'वेट'. सगळं हळूहळू चढत जातं आणि वर गायिका मारिया ख्रिस्तोफरचा आवाज येतो. मूळ शब्द वजनाचा. पण देवनागरीत लिहिलं की वजन, वाट पाहणं आणि ओलं, तिघांचं स्पेलिंग एकच!

खाजणवाली : मग राहू दे तसंच. त्या गाण्यात तिन्ही आहेत. दुरुस्त करायला जाल तर दोन घालवाल.

उपटसुंभ : ठीक. तूर्त असं लिहिलंय : 'विलंबित लयीत ऐकणाऱ्याला रुतवत नेणारा, प्रायोगिक वळणाचा स्लज मेटल अल्बम, वातावरणनिर्मिती जबरदस्त.' स्लजला शब्द मिळाला नाही तो नाहीच, पण टेंडर तरी गेलं. फक्त शेवटच्या गाण्याचं नाव 'हिम' आहे, आणि आमच्या घरी प्रूफ वाचणाऱ्यांनी शेजारी पेन्सिलीने लिहिलंय : 'समुद्रात बर्फ कुठून?'