होस्ट दिल्यावरही लिंकर का अडतो
एका प्रकारच्या मशीनवर बसून दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी प्रोग्राम बांधताना (क्रॉस-कंपाइल) होस्ट (प्रोग्राम जिथे चालणार ते मशीन) आणि बिल्ड (तो जिथे बांधतोय ते मशीन) हे दोन्ही पर्याय नीट दिले की कॉन्फिगर स्क्रिप्टचं, म्हणजे बांधणीआधी सिस्टिम तपासणाऱ्या स्क्रिप्टचं, काम झालं, असं वाटतं. बहुतेक वेळा होतंही. पण कॉन्फिगरच्या काही चाचण्या छोटा प्रोग्राम नुसता कंपाइल करत नाहीत, चालवूनही बघतात. आर्म प्रोसेसरसाठी बनवलेला प्रोग्राम एक्स86 (इंटेल-एएमडी प्रोसेसरच्या) मशीनवर चालणार कसा? मग स्क्रिप्ट अंदाज धरते.

मला याचा फटका मॅलॉकमध्ये, म्हणजे मेमरी मागणाऱ्या सी फंक्शनमध्ये, बसला. शून्य बाइट मागितल्यावर मॅलॉक काय परत देतं हे तपासता आलं नाही, म्हणून 'रिकामा नसलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) मिळतो का' याचं उत्तर स्क्रिप्टने 'नाही' धरलं आणि मॅलॉकच्या जागी आरपीएल_मॅलॉक हे नाव घातलं. ते फंक्शन सोर्समध्ये नव्हतंच. सगळं कंपाइल होऊन शेवटी लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) अडला, आणि मी दोन दिवस टूलचेन (कंपाइलर-लिंकरचा संच) बदलत बसलो! उपाय एका ओळीचा आहे: कॉन्फिगर चालवताना त्या चाचणीच्या कॅश व्हेरिएबलला (चाचणीचं उत्तर साठवणाऱ्या नावाला) 'येस' द्यायचं. त्याचं नेमकं नाव कॉन्फिगरने लिहिलेल्या कॉन्फिग.लॉग या फाइलमध्ये शेवटाकडे, कॅश व्हेरिएबल्सच्या यादीत सापडतं. मात्र ज्या मशीनसाठी बांधताय तिथली सी लायब्ररी खरंच तशी वागते का, हे आधी बघा. नुसतं लिंकिंग व्हावं म्हणून 'येस' भरू नका.